मशीन हलकं नव्हतं, पाणी कमी पडलं

प्रश्न : (चोपडा तालुक्यातल्या एका वाचक ताईंनी पत्र पाठवलं आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव-गाव देत नाही. पत्र मोठं होतं, त्याचा गोषवारा असा.)

आमचं एकत्र कुटुंब. केळी, कापूस, दोन म्हशी, एक बैलजोडी, ट्रॅक्टर, दोन मोटारसायकली. गेल्या दिवाळीत यांनी सात हजारांचं १८०० वॅटचं प्रेशर वॉशर (जोरदार दाबाने पाण्याची धार मारणारं धुण्याचं मशीन) ऑनलाइन मागवलं. हिवाळाभर हे त्याने ट्रॅक्टर आणि गाड्या धूत होते, मशीन उत्तम चाललं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी पापड-बिबड्यांसाठी मी गच्ची धुवायला घेतली. दुपारची जेवणं आटोपली की गच्चीवरच्या काळ्या टाकीला शंभर फुटी पाइप जोडायचा, सासूबाई खराट्याने घासायच्या, मी धार मारायची. पाणी झटके देत यायला लागलं, मशीनचा आवाज खडखडीत झाला. तिसऱ्या दिवशी खालून पाणी गळायला लागलं आणि जोरच गेला. मेकॅनिक म्हणाला, पंपाचे सील (पाणी अडवणाऱ्या रबरी चकत्या) गेले, हेडलाही तडा आहे, नव्याच्या निम्मे पैसे लागतील. कंपनीने ‘पाण्याविना चालवलं’ म्हणून गॅरंटी नाकारली. पण पाणी तर येतच होतं! सासरे म्हणाले, “बाईना हातमा मशीन दिधं का असंच व्हस.” आता यांनी तसंच दुसरं आणलंय, पण मला त्याला हात लावायची मनाई आहे. दीर म्हणतात, स्वस्तातलं टिकतच नाही, पंधरा-वीस हजारांचं घ्यायला हवं होतं. खरंच माझी चूक झाली का? मोठं मशीन घ्यावं का? आणि आहे ते टिकवायचं कसं?

उत्तर :

ताई,

तुमच्या घरात या मशीनवर दोन निकाल आधीच लागून गेलेत. सासरे म्हणतात, बाईच्या हाताने बिघडलं. दीर म्हणतात, स्वस्त होतं म्हणून बिघडलं. पुरावा मात्र दोघांनीही पाहिलेला नाही, आणि तो तुमच्याच पत्रात आहे. हिवाळाभर तेच मशीन तुमच्या यजमानांच्या हातात व्यवस्थित चाललं. मग ते तुमच्या हातात आलं आणि तीन दिवसांत गेलं. हात बदललेला सगळ्यांना दिसला. पण त्याच वेळी आणखी तीन गोष्टी बदलल्या होत्या : मशीनची जागा, दिवसाची वेळ आणि पाणी येण्याचा रस्ता. माझ्या मते पंप या तिघांनी मिळून मारला. तुमच्या यजमानांनी मे महिन्याच्या दुपारी त्याच गच्चीवर तेच मशीन लावलं असतं, तर त्यांच्याही हातात ते असंच गेलं असतं.

आधी पाण्याचं बघू, कारण मुळात दुखणं तिथलं आहे. हे मशीन मिनिटाला साधारण साडेपाच ते सात लिटर पाणी मागतं. दाब मोठा असतो, पाणी त्या मानाने थोडं लागतं. म्हणूनच आपल्याला वाटतं की कसलीही बारीक धार जोडली तरी भागेल. इथेच चूक होते. मशीन पाणी पुढे ढकलायला बनवलेलं आहे, लांबून ओढून आणायला नाही. त्याला लागतं तेवढं पाणी त्याच्या तोंडाशी आपण नेऊन द्यायचं असतं.

तुमचे यजमान ट्रॅक्टर अंगणात धुतात. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चार-पाच मीटर खाली उतरून अंगणातल्या नळाला येतं. ठिबकवाले ज्याला ‘एक किलो प्रेशर’ म्हणतात, त्यासाठी दहा मीटर उंची लागते. म्हणजे अंगणात जवळजवळ अर्धा किलो मिळतो, आणि पाइप आखूड असला तर मिनिटाला दहा लिटरांच्या वर पाणी सहज येतं. पंप तृप्त. तुम्ही मात्र मशीन टाकीच्याच मजल्यावर नेलंत. तिथे टाकीचा कॉक गुडघ्या-कमरेच्या उंचीवर, त्याला अर्ध्या इंची पाइप आणि तोही शंभर फुटी. एवढ्याशा उंचीवर अशा लांब, अरुंद पाइपातून मिनिटाला चार लिटर पाणीसुद्धा मुश्किलीने येतं. पंप सहा मागतोय आणि मिळतायत चार. पाणी येत होतं हे तुमचं म्हणणं खरं आहे. ते पुरत नव्हतं, हेही तितकंच खरं आहे. टाकी डोळ्यांसमोर आणि भरलेली होती, त्यामुळे तसा संशय यायला जागाच नव्हती.

कमी पडलेल्या दोन लिटरांच्या जागी पंपात काय जातं? पिस्टन मागे सरकतो तेव्हा आत पोकळी होते. पाणी वेळेवर पोचलं नाही तर त्या पोकळीत वाफेचे आणि हवेचे बुडबुडे तयार होतात. पिस्टन पुढे येताच ते फुटतात आणि प्रत्येक फुटण्याचा मार सीलवर, व्हॉल्व्हवर बसतो. तुम्ही ऐकलेली खडखड ती हीच. धार झटके देत येते तीही यामुळेच. विहिरीवरची मोटर हवा धरते तेव्हा आबा, म्हणजे तुमचे सासरे, कसे धावत जाऊन ती बंद करतात, आठवून बघा. हे दुखणं तेच आहे, फक्त मशीन लहान असल्यामुळे ते ऐकून कुणी धावलं नाही.

आता दुपारची वेळ. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. काळ्या टाकीतलं पाणी दुपारी दोन वाजता किती तापलेलं असतं, ते हात धुताना कळतंच. त्यात शंभर फूट पाइप तापलेल्या गच्चीवर पसरलेला, म्हणजे त्यातलं पाणी टाकीतल्यापेक्षाही कढत. घरगुती मशीनच्या पाटीवर किंवा माहितीपुस्तिकेत आत घ्यायच्या पाण्याचं कमाल तापमान दिलेलं असतं, आणि ते बहुतेक मशीनना ४० अंश असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी ही मर्यादा न तापवता ओलांडतं. गरम पाण्यात दोन दोष आहेत. सील मऊ पडून लवकर झिजतात, आणि पाणी जितकं गरम तितके ते बुडबुडे लवकर होतात. म्हणजे अपुरं पाणी आणि गरम पाणी एकत्र आले की एक दुसऱ्याला जोर देतं. तापमापक नसला तरी चालेल. पाइपातून येणारं पाणी मनगटावर घ्या. हिवाळ्यात अंघोळीला काढतो तसं लागलं तर मशीन लावायचं नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात : सासूबाई घासत होत्या आणि तुम्ही धार मारत होतात. त्या घासत असताना तुम्ही गनचा खटका सोडून उभ्या राहत असणार. मशीन त्या वेळी बंद पडत होतं की घरघरत होतं? ज्या मशीनला ऑटो स्टॉप नसतो, त्यात खटका सोडला तरी मोटर चालूच राहते आणि पंपातलं जेमतेम कपभर पाणी आतल्या आत फिरत राहतं. दोन-तीन मिनिटांत ते एवढं तापतं की पंपाला हात लावू नये. सासूबाईंनी एक कोपरा घासेपर्यंत पंप असा स्वतःच्याच पाण्यात शिजत असतो. तुमच्या मशीनला ऑटो स्टॉप असेल तर हे नुकसान टळतं, मात्र पाइपात आणि सीलवर पूर्ण दाब धरून राहतो. म्हणून नियम साधा ठेवा : मिनिटभराहून जास्त थांबायचं असेल तर बटणच बंद. आणि ऑटो स्टॉपच्या मशीनवर खटका टकटक दाबत-सोडत धुऊ नका. दर वेळी मोटर नव्याने सुरू होते, त्यात आतला स्विच आणि मोटरचे कार्बन झिजतात. लांब, सलग हात फिरवा.

तर चूक झाली का? वापरात चूक झाली, हो. पण ती बाई असल्याची नव्हती आणि निष्काळजीपणाचीही नव्हती. खोक्यातला कागद कुणी वाचला नव्हता, ना यजमानांनी, ना तुम्ही. त्यांचा नळ खाली होता आणि ऋतू थंडीचा होता, म्हणून त्यांचं निभावलं. कंपनीने गॅरंटी नाकारताना वापरलेले शब्द तुम्हाला झोंबले असतील, पण त्यात तथ्य आहे. उपाशी चाललेल्या पंपाच्या आत झिजेच्या खुणा राहतात आणि खोलणाऱ्याला त्या ओळखू येतात.

मला मनाईचं मात्र वाईट वाटलं. घरात ओटा, गच्ची, गोठ्याची कड, हे धुण्याचं काम तुमच्याकडे आणि त्याचं यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात, हे बरोबर नाही. यावर भांडू नका, आबांना सोबत घेऊन मोजून दाखवा. वीस लिटरची बादली घ्या. अंगणातला नळ पूर्ण सोडून मोबाइलमध्ये वेळ लावा. दोन मिनिटांच्या आत बादली भरली तर मिनिटाला दहा लिटर येतायत, मशीन बिनधास्त लावा. मग तीच बादली गच्चीवर न्या, तोच शंभर फुटी पाइप टाकीला लावा आणि पुन्हा वेळ घ्या. ज्या माणसाने आयुष्यभर दारं धरली, ठिबकच्या शेवटच्या झाडाला पाणी पोचतं की नाही ते पाहत लाइनी तपासल्या, त्याला बादलीचा हा हिशेब दुसऱ्या कुणापेक्षा लवकर कळेल.

दिरांचं म्हणणं असं की महाग मशीन टिकलं असतं. पंधरा-वीस हजारांच्या मशीनमध्ये सहसा इंडक्शन मोटर आणि पितळी हेडचा पंप मिळतो. स्वस्त मशीनची मोटर मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे घेते, कार्बनवर चालते, आवाज जास्त करते, लवकर तापते. इंडक्शन मोटर तीन हजारांच्या आतच फिरते, शांत असते आणि जास्त वेळ चालते. हा फरक खरा आहे आणि पैसे त्याचेच असतात. पण मोठं मशीन पाणीही जास्त मागतं. ज्या पाइपाने सहा लिटरवाल्या पंपाला उपाशी ठेवलं, तो पाइप आठ-दहा लिटरवाल्याला आणखी उपाशी ठेवेल. गच्चीवर त्याच दुपारी ते मशीन लावलं असतं तर कदाचित आठवडाभर जास्त टिकलं असतं, आणि नुकसान मात्र दुप्पट-तिप्पट. म्हणून घरच्या वापराला, आठवड्या-पंधरवड्याला तासभर चालवायला, तुमचं आहे ते मशीन पुरेसं आहे. रोज धुवायचं असेल, दिरांच्या मनात गाड्या धुण्याचा धंदा असेल, तर मोठ्या मशीनचा विचार जरूर करा. त्या कामाला स्वस्त मशीन देऊच नये.

अजून एक समज तपासून घ्या. दाब जास्त म्हणजे धुणं चांगलं, असं नसतं. शेवाळ, जुना चिकटलेला मळ, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात वाळून दगड झालेला गारा, याला दाब लागतो. शेण, ओला चिखल, वैरणीचा कचरा याला दाब नको, पाणी भरपूर हवं. गोठा प्रेशर वॉशरने धुवायला तासभर लागेल, मशीन तापेल आणि शेण भिंतीवर उडेल ते वेगळंच. गोठ्याला आधी फावडं, मग मोटरचा साधा जाड पाइप. आणि हे अगदी कळकळीने सांगते : पोळ्याला बैल धुताना किंवा म्हशींच्या अंगावर हे मशीन कधीही लावू नका. जवळून आलेली धार कातडीत शिरते. माणसाच्या हातालाही तसंच. वरून जखम टाचणीएवढी दिसते आणि आत मांस फाटलेलं असतं. अशी धार कुणाला लागलीच तर हळद लावून घरी बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

आता नवं मशीन. त्याच्याशी पहिल्यापासून नीट वागायचं तर सुरुवात पाण्याच्या तोंडाकडून करा. पाइप पाऊण इंची घ्या आणि लागेल तेवढाच ठेवा. जोडावर क्लॅम्प घट्ट असू द्या. पाणी बाहेर गळत नसलं तरी सैल जोडातून पंप हवा आत ओढतो. गच्ची धुवायची असेल तेव्हा मशीन वर नेऊच नका. ते खाली ओट्यावर, नळाजवळ, सावलीत ठेवा आणि दाबाकडचा पाइप वर न्या. त्या दाबाला चालेल असा दहा-पंधरा मीटरचा जोडपाइप वेगळा मिळतो. पंपाच्या पुढचा पाइप लांब झाला तर थोडा दाब कमी होतो, पंपाचं काही बिघडत नाही. मागचा पाइप लांब झाला तर पंप मरतो. एवढा एक फरक घरात सगळ्यांनी लक्षात ठेवला तरी निम्मं काम झालं. यात विजेची वायरही गच्चीवर न्यावी लागत नाही. फक्त मशीनला ऑटो स्टॉप नसेल तर खाली बटणापाशी कुणीतरी हवं.

ड्रममधून पाणी घेता येतं का, असं बरेच जण विचारतात. मशीन स्वतः पाणी ओढणारं असेल तर येतं, पण ड्रम मशीनच्या पातळीला किंवा वर, पाइप आखूड आणि ओढीने न चपटणारा, टोकाला जाळी, आणि सुरू करण्याआधी तो पाइप पाण्याने पूर्ण भरलेला. विहिरीतून किंवा हौदातून वर ओढायला हे मशीन लावू नका.

जाळीवर मी मुद्दाम थांबते, कारण पंपाचं पोट तिथे भरतं किंवा तिथेच अडतं. मशीनला पाणी जिथून आत जातं, तिथलं कपलिंग हाताने फिरवून काढा. आत टोपणाएवढी प्लास्टिकची बारीक जाळी बसवलेली दिसेल. पकडीने तिचा दांडा धरून अलगद ओढली की बाहेर येते. आपल्या भागात चार-सहा वेळा मशीन वापरलं की तिच्यावर हिरवट चिकट थर बसतो, त्यात वाळूचे कण, टाकीला भोक पाडताना आत पडलेला प्लास्टिकचा किस आणि बोअरच्या क्षाराचे पांढरे दाणे सापडतात. उजेडाकडे धरली तर अर्धी छिद्रं बंद दिसतील. जुन्या ब्रशने उलट्या बाजूने घासा. क्षार निघत नसेल तर लिंबाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवा. हे पाणी मशीनमधून मात्र फिरवायचं नाही, भिजवायची ती फक्त जाळी. ही जाळी नको म्हणून काढून टाकणारेही मी पाहिलेत. धार तेवढ्यापुरती वाढते आणि पुढे वाळू थेट सीलवर जाते. त्याऐवजी नळाजवळ ठिबकला लावतात तसा पाऊण इंची जाळीचा फिल्टर बसवा. तुमच्याकडे शेतात एखादा पडलेलाही असेल. तो धुवायची जबाबदारी आबांकडे द्या, त्यांना त्यातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं.

सुरू करण्याची रीत अशी. आधी नळ पूर्ण सोडायचा, बटण बंदच. गनचा खटका दाबून धरायचा. फुरफुरत हवा निघेल, मग पाण्याची सलग धार लागेल. उन्हाळ्यात पाइपातलं गरम पाणीही याच वेळी निघून जातं. धार सलग झाली की मगच बटण दाबायचं. बंद करताना उलट : आधी बटण, मग नळ, मग खटका दाबून पाइपात कोंडलेला दाब सोडून द्यायचा. दाब तसाच ठेवून मशीन कोपऱ्यात लावलं की सील रात्रंदिवस ताणलेले राहतात. हे शेवटचं काम घाईत सगळ्यांकडून राहतं.

चालवताना कान मशीनकडे ठेवा. सूर एकसारखा असला की ठीक. खडखड आली किंवा धार झटके द्यायला लागली तर एक मिनिटही पुढे रेटू नका, बटण बंद करा आणि पाणी, जाळी, जोड या क्रमाने बघा. ऑटो स्टॉपचं मशीन खटका सोडलेला असतानाही अधूनमधून आपोआप घुर्र करून उठत असेल, तर कुठेतरी दाब गळतोय. बाहेर पाइपाच्या जोडात थेंब दिसतोय का पाहा. तिथे दोन-पाच रुपयांचा ओरिंग (जोडातलं गोल रबरी कडं) बदलून भागतं. बाहेर काहीच नसेल तर आतला व्हॉल्व्ह किंवा सील, आणि तेव्हाच मेकॅनिककडे नेलं तर थोडक्यात निभावतं. नोझलमध्ये कचरा अडकला तरी दाब चढतो आणि मशीन हिसके देतं. बारीक तारेने ते साफ करा. जास्त जोर मिळावा म्हणून बाजारातलं बारीक भोकाचं नोझल मात्र लावू नका.

एका दमात वीस-पंचवीस मिनिटं, मग तेवढीच विश्रांती. पुस्तिकेत याहून कमी दिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका. वेळ सकाळची, टाकीतलं पाणी रात्रभर निवलेलं असतं तेव्हाची.

साबणाबद्दल थोडक्यात. फोमची बाटली गनला लावतात ती चालते, कारण तिथला साबण पंपाच्या पुढे मिसळतो. पाणी येतं त्या बादलीत किंवा ड्रममध्ये साबण, फरशीचं ॲसिड, ब्लीच, डिझेल यातलं काहीही घालू नका, ते सगळं सीलवरून जातं. आणि केळीच्या चिकाचे ट्रॉलीवरचे काळे डाग दाबाने निघत नाहीत. नोझल जवळ नेलं की रंग निघतो, डाग राहतो.

वीजही बघा. एवढ्या मशीनला सोळा अँपिअरचा पॉवर प्लग आणि खरं अर्थिंग हवं. टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डावर ते लावायचं नाही. जोडवायर घ्यायचीच तर दहा मीटरपर्यंत दीड एमएमची, त्यापुढे तीस मीटरपर्यंत अडीच एमएमची, आणि गुंडाळी पूर्ण सोडून. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, मोटर जड चालते आणि तापते. गावात संध्याकाळी दिवे मंद होतात त्या वेळेला मशीन काढू नका. घराला अर्थ गळती पकडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवलेला नसेल तर या निमित्ताने बसवून घ्या. ओल्या जागेत उभं राहून विजेचं यंत्र तुम्ही हाताळणार आहात, आणि हा खर्च मला मशीनपेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

गच्चीसाठी रुंद पंख्याची धार, फरशीपासून फूटभर लांब. टोकदार धार जवळ नेली की वॉटरप्रूफिंगचा थर आणि सांध्यातलं सिमेंट उडतं, आणि ते पावसाळ्यात कळतं. ट्रॅक्टर धुताना रेडिएटरच्या पाकळ्या, बेअरिंगचे सील, वायरिंग आणि टायरच्या बाजू यांनाही हेच अंतर.

काम झाल्यावर बोअरचं क्षाराचं पाणी मशीनमध्ये राहू देऊ नका. नळाचं गोडं पाणी असेल तर शेवटची दोन मिनिटं त्यावर चालवा. मशीन पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, तिथल्या उष्णतेत सील वाळतात. घरात, जिन्याखाली ठेवा. वापर नसला तरी महिन्यातून एकदा दोन-तीन मिनिटं पाणी जोडून चालवा. सहा महिने पडून राहिलेलं मशीन बटण दाबल्यावर नुसतं गुणगुणतं, फिरत नाही, कारण सील चिकटलेले असतात. तेव्हा बटण दाबून धरू नका, मोटर जळेल.

नव्या मशीनचं बिल आणि गॅरंटी कार्ड एका पिशवीत घालून कपाटात ठेवा. पुस्तिकेत पाण्याचं कमाल तापमान, लागणारं पाणी आणि एका दमात चालवायची वेळ कुठे दिलीय ते शोधा, आणि ते तीन आकडे मार्करने मशीनवरच लिहून टाका. वापरणारा कुणीही असो, ते त्याच्या डोळ्यांसमोर राहतील.

जुन्या मशीनवर निम्मे पैसे घालू नका. नुसते सील आणि ओरिंग गेले असते तर दुरुस्ती करा म्हटलं असतं, पण हेडला तडा आहे आणि तो जोडून टिकत नाही. भंगारात देण्याआधी त्याची गन, दाबाचा पाइप, नोझल आणि पाण्याचं कपलिंग काढून ठेवा. दुसरं मशीन तसंच आहे म्हणता, तर हे सगळं त्याला बसेल. जुना दाबाचा पाइप जोडायला दोन्हीकडे आटे असलेला जोड मिळाला, तर गच्चीसाठी वेगळा पाइप विकत घ्यायचीही गरज नाही. दुकानात जाताना जुन्या पाइपाचं एक टोक सोबत न्या, मापावरून चुकीचा जोड येण्याचा त्रास वाचेल.